दुसरा म्हणजे कोण?

कोसल देशाचा राजा प्रसेनजित एकदा श्रावस्तीतल्या आपल्या प्रासादाच्या वरच्या मजल्यावर राणी मल्लिकेसोबत होता. बोलता बोलता त्यानं तिला विचारलं, की तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असं या जगात कुणी आहे का? मल्लिका एका माळ्याची मुलगी, राजानं तिला राणी केलेली. राजाला कोणतं उत्तर ऐकायचं असेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. मल्लिकेनं मात्र सरळ सांगितलं, की नाही, स्वतःहून प्रिय मला कुणीच नाही. मग तोच प्रश्न तिनं राजाला विचारला. राजालाही तेच उत्तर द्यावं लागलं.

पाली त्रिपिटकात, ‘संयुत्तनिकाय’ आणि ‘उदान’ या दोन्ही ठिकाणी हा प्रसंग आला आहे. राजा हे सारं घेऊन बुद्धांकडे गेला. बुद्धांनी राणीला बोल लावला नाही. तिच्या प्रामाणिक उत्तरावरच त्यांनी पुढचा विचार उभा केला. मनानं दाही दिशा धुंडाळल्या तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही हे खरं, पण प्रत्येकाचंच तसं असतं. म्हणून ज्याला स्वतःचा जीव प्यारा आहे, त्यानं दुसऱ्याला इजा करू नये.

या युक्तिवादात देव नाही, स्वर्ग-नरक नाही, राजदंडाची भीतीही नाही. माणसाच्या आत्मप्रेमातूनच तो अहिंसेपर्यंत पोचतो. दुसऱ्याशी कसं वागावं हे ठरवताना स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहावं, या नियमाला जगभर ‘सुवर्णनियम’ म्हणतात. धर्माधर्मांत समान काय आहे याचा शोध घेणारा जवळजवळ प्रत्येक अभ्यासक सर्वांत आधी या नियमापाशी येतो. तो किती ठिकाणी सापडतो याची यादी लांबलचक आहे आणि ती थक्क करणारीही आहे. पण या नियमाचा खरा इतिहास घडला तो एका वेगळ्या प्रश्नावर. नियमातला ‘दुसरा’ म्हणजे नेमका कोण, यावर माणसं शतकानुशतकं भांडत आली आहेत.

एक नियम, अनेक देश

बुद्धांच्या काळाच्या आसपासच चीनमध्ये कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) आपल्या शिष्यांशी संवाद करत होता. त्याच्या संवादांच्या संग्रहात झिगोंग नावाचा शिष्य त्याला विचारतो, की आयुष्यभर पाळता येईल असं एखाद्या शब्दात काही सांगता येईल का? गुरू ‘शू’ हा शब्द सांगतो. दुसऱ्याचं मन आपल्या मनावरून ओळखणं, असा त्याचा आशय. स्वतःला जे नको ते दुसऱ्यावर लादू नकोस, असं स्पष्टीकरणही तो जोडतो. याच संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. लोकांनी माझ्याशी जसं वागू नये असं मला वाटतं, तसं मीही त्यांच्याशी वागत नाही, असं हा झिगोंग सांगतो. त्यावर कन्फ्यूशियस त्याला सांगतो, की तू अजून तिथवर पोचलेला नाहीस. नियम कळणं सोपं आणि पाळणं कठीण, ही जाणीव या परंपरेत इतक्या आरंभीपासून आहे.

जेरुसलेममध्ये इ.स.पू. पहिल्या शतकात हिल्लेल आणि शम्माई हे दोन मोठे ज्यू धर्मगुरू होऊन गेले. एक परधर्मी माणूस शम्माईकडे आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळा धर्म शिकवलात तर मी ज्यू होईन. शम्माईनं हातातल्या मोजपट्टीनंच त्याला हाकलून लावलं. मग तो हिल्लेलकडे गेला. हिल्लेलनं त्याला सांगितलं, की तुला स्वतःला जे नकोसं वाटतं ते शेजाऱ्याच्या बाबतीत करू नकोस. सगळा धर्म एवढाच, बाकी सारं त्याचं भाष्य, आता जा आणि ते शिक. तालमूदमधल्या या गोष्टीतला शेवटचा सल्ला पुष्कळदा गाळून सांगितला जातो. हिल्लेलनं एका वाक्यात धर्म सांगितला खरा, पण अभ्यासातून त्या माणसाची सुटका केली नाही.

त्यानंतर काही दशकांनी येशूनं गालिलमधल्या डोंगरावरच्या प्रवचनात हाच नियम होकारार्थी रूपात मांडला. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्यांच्याशी वागावं. इस्लाममध्ये अनस इब्न मालिक यांनी सांगितलेली एक हदीस आहे. माणूस स्वतःसाठी जे इच्छितो तेच आपल्या भावासाठी इच्छित नाही, तोवर त्याची श्रद्धा पुरी होत नाही, असा तिचा आशय. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत ती आहे. इथल्या ‘भावा’त केवळ मुसलमानच येतो की साऱ्या मानवजातीचं भावपण येतं, याची चर्चा भाष्यकारांनी केली आणि काहींनी व्यापक अर्थ स्वीकारला. ग्रीसमध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात इसॉक्रेटिस या वक्तृत्वाच्या आचार्यानं हाच विचार एका राजाच्या तोंडी घातला. दुसऱ्यानं केलेल्या ज्या गोष्टींचा तुम्हांला संताप येतो, त्या तुम्ही इतरांना करू नका, असं तो राजा प्रजेला सांगतो. तमिळमध्ये तिरुवळ्ळुवर यांनी ‘तिरुक्कुरळ’चं एक अख्खं प्रकरण दुसऱ्याला दुःख न देण्यावर लिहिलं. पारशी धर्मातल्या नवव्या शतकातल्या एका पहलवी ग्रंथातही स्वतःला जे चांगलं नाही ते दुसऱ्याला न करणारा स्वभावच चांगला, असं म्हटलेलं आहे.

महाभारतात हा विचार एकापेक्षा जास्त वेळा येतो. अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला सांगतो, की स्वतःला प्रतिकूल ते दुसऱ्याला करू नये आणि धर्माचं सार इतकंच. उद्योगपर्वात युद्धाचं सावट असताना झोप न येणाऱ्या धृतराष्ट्राला विदुर रात्रभर नीती ऐकवतो, त्यातही हे तत्त्व आहे. धृतराष्ट्र सगळं ऐकून घेतो, त्याला ते पटतंही, पण मुलाच्या मोहापुढे त्याचा निर्णय बदलत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहणाऱ्या त्या विद्वानांच्या हाताखालून हा उपदेश गेला, तेव्हा तो आधीच कित्येक शतकं आणि कित्येक लिप्या ओलांडून आलेला होता.

कारणं मात्र वेगवेगळी

नियम एकच असला, तरी तो का पाळायचा याचं उत्तर प्रत्येक परंपरा आपल्या पद्धतीनं देते. बुद्धांनी ते आत्मप्रेमाच्या सार्वत्रिकतेत शोधलं. हिब्रू बायबलमधलं कारण इतिहासातलं आहे. परक्यावर स्वतःसारखंच प्रेम करा, कारण तुम्हीही इजिप्तमध्ये परके होतात, असं लेवीयाच्या पुस्तकात बजावलं आहे. भोगलेल्या दास्याची आठवण इथे नीतीचा पाया होते. इस्लाममध्ये हा श्रद्धेच्या पूर्णतेचा निकष आहे. कन्फ्यूशियसच्या लेखी हा माणसामाणसांतली नाती सुरळीत ठेवण्याचा मार्ग आहे. गीतेत याच दृष्टीला आत्मौपम्य म्हटलं आहे आणि तिथे कारण तत्त्वज्ञानातलं आहे. सर्वांच्या ठायी एकच आत्मा असेल, तर दुसऱ्याचं सुखदुःख आपल्यापासून वेगळं मानताच येत नाही.

मराठी वाचकांपुढे ही तुलना शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी लोकमान्य टिळकांनी ठेवली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ हे गीतेवरचं भाष्य आहे, तसंच ते पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी केलेला दीर्घ संवादही आहे. आत्मौपम्याचा विचार करताना टिळक बायबलमधला सुवर्णनियम सांगतात आणि कन्फ्यूशियसनं तो ख्रिस्ताच्या कितीतरी आधी सांगितल्याचीही नोंद करतात. पण ते तिथेच थांबत नाहीत. दुसऱ्याशी असं का वागायचं, याचं समाधानकारक कारण आत्मैक्याच्या सिद्धान्तावाचून मिळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. बौद्धांना हे मान्य होणार नाही, कारण ते आत्माच मानत नाहीत. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनाही ते मान्य होणार नाही.

नीतीच्या प्रांतातली ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. जग कसं निर्माण झालं, मृत्यूनंतर काय होतं, ईश्वर आहे की नाही, यांवर ज्यांचं कधीच एकमत होणार नाही अशी माणसं दुसऱ्याशी कसं वागावं यावर एकमतानं बोलू शकतात. वेगवेगळ्या मुळांतून वर आलेला हा नियम म्हणूनच कोणत्याही एका धर्माची मालमत्ता ठरत नाही.

जर्मनटाउनचा कागद

लूकच्या शुभवर्तमानात एक कायदेपंडित येशूला विचारतो, की शेजाऱ्यावर प्रेम करायचं हे ठीक, पण माझा शेजारी कोण? येशू त्याला गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारून अर्धमेला केलेला एक माणूस रस्त्याकडेला पडला आहे. एक याजक त्याला पाहून दुसऱ्या बाजूनं निघून जातो, मंदिरात सेवा करणारा एक लेवीही तसाच जातो. तिसरा प्रवासी येतो तो शोमरोनी. ज्यूंचं आणि शोमरोन्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. तोच त्या माणसाच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही भरतो. ज्याला श्रोते शत्रू मानत होते, त्यालाच येशूनं शेजारधर्माचा आदर्श केलं.

ही गोष्ट ख्रिस्ती जगात घरोघर पोचली. आणि तरीही त्याच ख्रिस्ती जगानं लाखो आफ्रिकी माणसांना साखळदंडांत अटलांटिक ओलांडायला लावलं. नियम सर्वांना पाठ होता. आफ्रिकी माणूस त्यातल्या ‘दुसऱ्या’त मोजला जात नव्हता.

१६८८ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया वसाहतीत, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन या वस्तीत चार जणांनी एका कागदावर सह्या केल्या. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा त्यांच्यातला सर्वांत शिकलेला. हे चौघं युरोपातून स्थलांतर करून आलेले आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांना जाणारे होते. स्वतः क्वेकर लोकच गुलाम बाळगत होते, म्हणून आपल्याच पंथाच्या सभेपुढे त्यांनी हे निवेदन ठेवलं. इंग्रज वसाहतींतला गुलामगिरीविरुद्धचा हा सर्वांत जुन्या लेखी निषेधांपैकी एक. त्याचा सगळा भार सुवर्णनियमावर आहे. जन्म, वंश आणि रंग यांचा भेद न करता तो नियम लागू होतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

त्यांनी दिलेलं उदाहरणही चपखल होतं. समुद्रप्रवासात अनोळखी जहाज दिसलं की युरोपीय प्रवाशांचा थरकाप उडे. ते तुर्कांचं निघालं तर ते आपल्याला पकडून गुलाम म्हणून विकतील ही भीती. मग आपण इथे जे करतो ते त्याहून वेगळं कसं, असा त्यांचा प्रश्न होता. दूरच्या माणसाचं दुःख समजण्यासाठी त्यांनी वाचकाला त्याच्या स्वतःच्या भीतीची आठवण करून दिली.

स्थानिक सभेनं विषय फार मोठा आहे म्हणून तो वरच्या सभेकडे पाठवला, तिनं आणखी वर पाठवला आणि वार्षिक सभेनं निर्णय टाळला. कागद दप्तरात पडून राहिला. तो पुन्हा लोकांच्या नजरेस आला १८४४ साली.

मधल्या काळात बेंजामिन ले नावाचा जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला एक क्वेकर याच प्रश्नावर पेटून उठला होता. बार्बाडोस बेटावर त्यानं गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ साली बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो पोकळ केलेलं पुस्तक घेऊन गेला. त्यात रानफळांच्या लाल रसानं भरलेला फुगा दडवलेला होता. भर सभेत त्यानं तलवारीनं ते पुस्तक भोसकलं आणि लाल शिंतोडे आसपासच्या गुलाममालकांवर उडाले. एका गुलाममालक शेजाऱ्याचं मूल त्यानं दिवसभर आपल्या घरी ठेवून घेतलं आणि आईबाप कासावीस होऊन शोधत आले, तेव्हा तुम्ही ज्यांची मुलं ओढून आणता त्यांना काय वाटत असेल ते आता कळलं का, असं त्यानं विचारलं, अशीही कथा त्याच्याबद्दल सांगतात. पंथानं त्याला बाहेर काढलं. तरी १७५८ साली गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांवर कारवाई करायचं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं ठरवलं. पुढच्याच वर्षी ले वारला. १७७६ साली त्या सभेनं सभासदांना गुलाम बाळगायलाच बंदी केली. जर्मनटाउनच्या कागदाला तोवर ८८ वर्षं झाली होती.

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काही धर्मोपदेशकांनी त्यानंतरही सुवर्णनियमाचा अर्थ गुलामगिरीच्या बाजूनं लावला. मालकानं गुलामाशी दयेनं वागावं, आपण गुलाम असतो तर आपल्याला जसं वागवलं जावं असं वाटलं असतं तसं, पण त्याला मुक्त करावं असं त्यातून निघत नाही, असा त्यांचा दावा होता. नियमाचे शब्द कुणालाही वापरता येतात. त्यांच्या आड अन्यायही लपवता येतो. ती व्यवस्था मोडायला यादवी युद्ध व्हावं लागलं आणि १८६५ साली राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली.

पुण्यापासून महाडपर्यंत

त्या दुरुस्तीला आठ वर्षं झाली असताना, १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना फुल्यांनी ते अर्पण केलं आणि आपले देशबांधवही शूद्रांना दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवतील, अशी आशा व्यक्त केली. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसांचा लढा आणि आपला लढा एकच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याआधी १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. घराच्या अंगणातला हौद खुला करणं ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती.

फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली निघाला. त्यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. घरातलं एक माणूस बौद्ध, एक ख्रिस्ती, एक मुसलमान आणि एक सार्वजनिक सत्यधर्मी, प्रत्येकानं आपापला ग्रंथ वाचून धर्म निवडलेला, आणि तरीही कुणी कुणाचा द्वेष न करता सगळी एका निर्मिकाची लेकरं म्हणून गुण्यागोविंदानं राहत आहेत. धर्मांच्या समान नीतीवर आजवर अनेक परिषदा झाल्या. फुल्यांनी हा विषय एका घराच्या चार भिंतींत आणून दाखवला.

महाराष्ट्रात संतांनी भूतमात्रांतल्या एकत्वाचा घोष शतकानुशतकं केला होता. ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा, तुकाराम यांचे अभंग आणि ओव्या खेड्याखेड्यांत म्हटल्या जात. तरी पाणवठा सर्वांचा नव्हता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबईच्या कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असं ठरवलं आणि महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. प्रत्यक्षात कुणी तिथे जाऊ धजत नव्हतं. त्या तळ्याचं पाणी इतर धर्मांच्या लोकांना घेता येई, गुराढोरांनाही पिता येई, अस्पृश्य हिंदूंना मात्र नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर तिथे जमलेल्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला मार्च १९३७ उजाडला.

हाच नियम राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ म्हणून आला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नसून ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं. कायदा समतेची हमी देऊ शकतो, पण शेजाऱ्याला आपलं मानायला तो भाग पाडू शकत नाही, म्हणून बंधुतेवाचून बाकीची दोन तत्त्वं टिकत नाहीत, हा त्यांचा आग्रह होता.

तत्त्वज्ञांचे आक्षेप

सुवर्णनियमाला बुद्धिवंतांनी बिनशर्त मान डोलावलेली नाही. इमान्युएल कांटनं १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एका तळटीपेत त्याची मर्यादा दाखवली. हाच नियम पुढे करून गुन्हेगार न्यायाधीशाला म्हणू शकेल, की तुम्हांला शिक्षा झालेली आवडेल का? नसेल, तर मलाही देऊ नका. बर्नार्ड शॉनं १९०३ साली वेगळीच अडचण काढली. माणसांच्या आवडीनिवडी सारख्या नसतात, मग मला जे हवं ते दुसऱ्याला द्यायचं कशासाठी?

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्यांनी नियम मोडीत निघाला नाही, उलट तो अधिक नेमका झाला. न्यायाधीशानं केवळ गुन्हेगाराच्या जागी उभं राहायचं नसतं. ज्याचं घर लुटलं गेलं त्याच्या जागीही त्याला उभं राहावं लागतं. आवडीनिवडीचंही तसंच. दुसऱ्याच्या जागी जायचं म्हणजे आपली आवड घेऊन तिथे जायचं नाही, त्याची परिस्थिती, त्याची गरज आणि त्याची श्रद्धा समजून घ्यायची. शाकाहारी पाहुण्याला यजमान आपल्या आवडीचं मटण वाढत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यानं १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये याच विचाराला राजकीय रूप दिलं. समाजाचे नियम ठरवणाऱ्यांना आपण श्रीमंत असू की गरीब, कोणत्या वंशाचे असू, धडधाकट असू की अपंग, हे ठाऊकच नाही, अशी कल्पना करा. अज्ञानाच्या अशा पडद्याआड बसलेली माणसं सर्वांत तळाच्या माणसावर अन्याय करणारे नियम करणार नाहीत, कारण पडदा उठल्यावर तो माणूस आपणच निघण्याची शक्यता असेल.

राजकारणातही हा विचार प्रत्यक्ष वापरला गेला आहे. ११ जून १९६३ रोजी अलाबामा विद्यापीठात दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून पेच उभा राहिला. त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी दूरचित्रवाणीवर बोलले. आपल्यापैकी कोण आपल्या कातडीचा रंग बदलून त्यांच्या जागी उभं राहायला तयार होईल, आणि धीर धरा हा सल्ला ऐकून समाधानी राहील, असं त्यांनी गोऱ्या नागरिकांना विचारलं. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा मंजूर झाला. त्यामागे वर्षानुवर्षांची आंदोलनं, तुरुंगवास आणि बलिदानं होती. पण भाषणातून साऱ्या देशाला विचारलेला प्रश्न जर्मनटाउनच्या चौघांचाच होता.

शिकागो, शंभर वर्षांनंतर

१८९३ साली शिकागोत सर्वधर्मपरिषद भरली. स्वामी विवेकानंदांमुळे ती भारतात घरोघर माहीत आहे. श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल आणि जैन धर्माचे प्रतिनिधी वीरचंद गांधी यांनीही ती गाजवली. तिच्या शताब्दीनिमित्त १९९३ साली त्याच शहरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा धर्मांचं समान नीतितत्त्व कागदावर आणायचं ठरलं. मसुदा केला जर्मनीतल्या ट्यूबिंगनचे कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ हान्स क्यूंग यांनी. पोपच्या अचूकतेच्या सिद्धान्ताला आव्हान दिल्यामुळे १९७९ साली व्हॅटिकननं त्यांचा अधिकृतपणे कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा अधिकार काढून घेतला होता.

क्यूंग यांच्यापुढची पहिली अडचण देवाचीच होती. देवाच्या नावानं सुरुवात केली, तर बौद्धांना सही करता येणार नव्हती. म्हणून जाहीरनामा देवाच्या आधाराविना लिहिला गेला. प्रत्येक माणसाला माणूस म्हणून वागवलं पाहिजे ही मूळ मागणी, तिच्या जोडीला सुवर्णनियम, आणि त्यातून निघणाऱ्या चार बांधिलक्या: अहिंसा आणि जीविताचा आदर, न्याय्य अर्थव्यवस्था, सहिष्णुता आणि सत्यनिष्ठा, स्त्री-पुरुषांची समानता. हत्या करू नये, चोरी करू नये, खोटं बोलू नये, लैंगिक दुराचार करू नये, या बौद्ध पंचशीलात, पतंजलीच्या यमांत आणि मोशेच्या दहा आज्ञांत आढळणाऱ्या जुन्या नियमांचं हे आधुनिक रूप. शंभराहून अधिक धर्मप्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या. चौथी बांधिलकी सर्वांत अवघड होती, कारण बहुतेक धर्मसंस्थांत निर्णय घेण्याच्या जागी स्त्रिया नव्हत्या आणि अनेक ठिकाणी आजही नाहीत.

वर्तुळाबाहेर अजून कोण?

जैन आगमांपैकी ‘आचारांगसूत्र’ हा सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक. प्रत्येक जीवाला जगणं प्रिय आणि वेदना अप्रिय असते, म्हणून कोणत्याही जीवाला इजा करू नये, हे त्याचं सूत्र. इथे ‘दुसऱ्या’त कीटक, वनस्पती, इतकंच नव्हे तर पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचेही जीव येतात.

हा विचार भिन्नधर्मीयांना कसा एकत्र आणू शकतो, याचं उदाहरण मुंबईत घडलं. १८३२ साली सरकारनं शहरातले मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम काढली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. पारशी लोक रस्त्यावर उतरले, त्यांना इतर समाजांचीही साथ मिळाली आणि काही काळ शहराचे व्यवहार थंडावले. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकारानं भुलेश्वरजवळ पांजरपोळ सुरू झाली. पारशी आणि जैन धर्मांच्या श्रद्धांत साम्य शोधायला कष्ट पडतात. मुक्या जनावराला आसरा द्यायला मात्र दोघांनी मिळून पैसा उभा केला. ती संस्था आजही तिथे आहे.

शिकागोच्या जाहीरनाम्यात २०१८ साली पाचवी बांधिलकी जोडली गेली. शाश्वत जीवनपद्धती आणि पृथ्वीची काळजी हा तिचा विषय. तिच्यामागे एक नवा ‘दुसरा’ उभा आहे. तो अजून जन्मलेलाच नाही. आज जाळलेल्या कोळशाची किंमत तो मोजणार, पण तो मत देऊ शकत नाही, निवेदनावर सही करू शकत नाही, रस्त्यावर उतरू शकत नाही. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचं काम आज हयात असलेल्यांनाच करावं लागतं.

हे काम आता न्यायालयांतही चालू आहे. जर्मनीतल्या काही तरुणांनी आणि पर्यावरणवाद्यांनी तिथल्या हवामान कायद्याला आव्हान दिलं. २०२१ साली त्या देशाच्या घटना न्यायालयानं निकाल दिला, की या कायद्यानं उत्सर्जन कमी करण्याचा मोठा भार २०३० नंतरच्या काळावर ढकलला आहे आणि त्यामुळे तरुण पिढीच्या पुढच्या स्वातंत्र्यावर गदा येते. जर्मन राज्यघटनेच्या २० अ या कलमात भावी पिढ्यांबद्दलच्या जबाबदारीचा उल्लेख आधीपासून होता, न्यायालयानं त्याचाही आधार घेतला. काही महिन्यांतच सरकारनं कायदा बदलला आणि निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट २०५० वरून २०४५ वर आणलं.